पेटीतला नवरदेव

१९९५ साली आमच्या दुकानात ‘मेड इन इंडिया’ असं पूर्ण नाव घेऊन कॅसेट मागायचे ते बहुतेक पुरुष. बायका म्हणायच्या, ‘ती पेटीवाली द्या.’ मुलगी जरा धीट असेल तर, ‘पेटीतल्या माणसाची.’ गायिकेचं नाव दोन्हीकडून क्वचितच यायचं. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत त्या गाण्याविषयी जे छापून येई, त्यात मात्र पेटी नसे. देशाचा आत्मविश्वास, उदारीकरणानंतरची पिढी, भारतीय असल्याचा अभिमान, असं सगळं असे. अजूनही नव्वदच्या दशकावर कुणी लेख लिहिला की हे गाणं त्यात तिरंग्यात गुंडाळूनच येतं. मी त्या वर्षी डोंबिवली पूर्वेला, फडके रोडला लागून असलेल्या एका बोळात कॅसेटच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसत होते. तिथून मला दिसलं ते वेगळं होतं.

दुकान सासऱ्यांचं. आधी रेडिओ दुरुस्तीचं, मग टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं, मग कॅसेटचं. दुपारी एक ते चार ते जेवून आडवे व्हायचे. त्या वेळात गिऱ्हाईक तुरळक, तेव्हा सुनेला बसवायला हरकत नाही, असा घरातला हिशेब. पण तुरळक म्हणजे कोण, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी सातनंतर फास्ट लोकलमधून उतरलेले पुरुष यायचे. भीमसेन जोशींची अभंगवाणी, नाट्यगीतं, गुलाम अली, किशोरकुमारची दर्दभरी गाणी हा त्यांचा माल. दुपारी यायच्या त्या कॉलेज सुटलेल्या मुली, शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या आया आणि निवृत्त शिक्षिका. या गाण्याचा खप झाला तो दुपारी. सासऱ्यांना तो महिन्याच्या हिशेबात कळला.

अलिशा चिनॉय हे नाव तेव्हा नवं नव्हतं. १९८५ मध्ये तिचा ‘जादू’ हा पहिला अल्बम आला होता. ‘मिस्टर इंडिया’त श्रीदेवी निळ्या साडीत भिजते, त्या गाण्यात किशोरकुमारबरोबरचा आवाज तिचाच. मॅडोनाच्या गाण्यांच्या हिंदी आवृत्त्याही तिने गायल्या होत्या, त्यामुळे ‘भारताची मॅडोना’ हा शिक्का बसलेला. १९९४ मध्ये ‘खुद्दार’ या सिनेमातल्या तिच्या गाण्यावर गदारोळ झाला आणि त्यातला ‘सेक्सी’ हा शब्द काढून तिथे ‘बेबी’ घालावा लागला. अर्थ तसूभरही बदलला नाही, पण सगळ्यांचं समाधान झालं. म्हणजे ‘मेड इन इंडिया’ आलं तेव्हा बाई कोण आहेत याची जाणत्यांना कल्पना होती. चेहरा मात्र घरोघर पोचला नव्हता. पार्श्वगायिकेचा चेहरा तेव्हा कोण बघत होतं?

तो पोचवला व्हिडिओने. मॅग्नासाउंड ही कंपनी, संगीत बिड्डूचं, व्हिडिओचं दिग्दर्शन केन घोषचं. एक राणी सिंहासनावर बसली आहे. देशोदेशीचे उमेदवार तिच्यासमोर येतात, आपापली ऐट दाखवतात, आणि ती एकेकाला नाकारते. शेवटी एक लाकडी पेटी येते, मालाची असते तशी, वर शिक्का. त्यातून उघड्या छातीचा मिलिंद सोमण उभा राहतो आणि राणीला तो पसंत पडतो. गाण्याचा आशयही एवढाच. जगातले देश नावानिशी मोजून झाले, आता मन हवं आहे ते इथलंच.

आमच्या बायकांना यात काय चाललंय ते समजावून सांगायची गरज नव्हती. हे स्वयंवर होतं. सीतेचं, द्रौपदीचं, दमयंतीचं त्यांनी कीर्तनात ऐकलेलं, पाठ्यपुस्तकात वाचलेलं. फरक एकच, आणि तो मोठा होता. सीतेच्या स्वयंवरात पण जनकाचा, धनुष्य शंकराचं. मुलीने हार घेऊन उभं राहायचं. इथे पण लावणारा बाप नाही, मध्यस्थ नाही, पत्रिका नाही. बाई उंचावर बसलेली, पुरुष खाली उभे, आणि नापसंतीचं कारण सांगायची तिच्यावर सक्ती नाही. डोंबिवलीत त्या काळात मुलगी दाखवायचा कार्यक्रम घरोघर चालू होता. पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं, नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, गाता येतं का. ज्या मुलींना रविवारी सकाळी असं बसावं लागे, त्यातल्याच काही सोमवारी दुपारी पेटीवाली कॅसेट मागायला येत. त्या कधी बोलून दाखवत नसत. गाणं दुकानातल्या डेकवर लावलं की उगाच रेंगाळत, रॅकवरची दुसरी कॅसेट हातात घेऊन मागची गाणी वाचल्यासारखं करत.

काकू मंडळींची रीत निराळी. ‘माझ्या मुलीला हवी आहे’ हे पालुपद. एकीला मुलगीच नव्हती, दोन मुलगे होते, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहून बिल फाडलं.

आता इथे जरा धंद्याबद्दल बोलायला हवं, कारण या गाण्याचा गाजावाजा कसा झाला हे त्याशिवाय कळत नाही. परदेशात अल्बमच्या आधी त्यातलं एक गाणं पुढे सोडायची रीत आहे. त्याला लीड सिंगल म्हणतात. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने सात इंची, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी तबकडी काढली. एका बाजूला एक गाणं, पाठीवर दुसरं, पोराटोरांच्या खिशाला परवडेल अशी. कंपनी ज्या गाण्यावर भरवसा ठेवी ते वरच्या बाजूला जाई. १९५८ पासून ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची शंभर गाण्यांची यादी निघू लागली आणि त्या यादीतल्या जागेवर पुढच्या अख्ख्या अल्बमचं नशीब ठरायला लागलं. आपल्याकडेही कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून निघणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर एका अंगाला एकच गाणं मावे. १९३० आणि ४० च्या दशकांत जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांची भावगीतं अशीच एकेक करून घरात आली. गीतरामायण तर पुणे आकाशवाणीवर एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक गीत असं वर्षभर चाललं, ५६ गीतं. पुढचं कोणतं येणार म्हणून लोक आठवडा काढायचे. एका गाण्यासाठी माणसाला ताटकळत ठेवायची कला गदिमा आणि बाबूजींना कुठल्या कंपनीने शिकवली नव्हती.

कॅसेट आली आणि एकेकटं गाणं विकत घेणं संपलं. घ्यायची तर आख्खी. पण गिऱ्हाईक हुशार असतं. ते फुलस्केपवर गाण्यांची यादी करून आणायचं आणि कोरी कॅसेट पुढे ठेवायचं, साठची किंवा नव्वदची. आम्ही डबल डेकवर ती भरून द्यायचो. कॅसेट भरून देणं हा गावोगावच्या दुकानांचा अर्धा धंदा होता, आणि तो कायद्यात बसणारा नव्हता. कॉपीराइट कायद्याची १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाल्यावर तर घाऊक बाजारात धाडींच्याच गप्पा असत. सांगायचा मुद्दा असा, की एका गाण्याची भूक होती, ते सुटं विकायची सोय नव्हती.

ती फट केबलने बुजवली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी सीएनएन दाखवायला म्हणून ज्या तारा गच्च्यांवरून ओढल्या गेल्या, त्याच तारांवरून स्टार टीव्हीचं एमटीव्ही आलं. १९९४ मध्ये ते स्टारवरून गेलं आणि त्या जागी चॅनेल व्ही आलं, त्यांना हिंदुस्थानी तोंडवळ्याची गाणी हवी होती. केबलवाल्यांसाठीचा कायदा १९९५ मध्ये झाला, तोवर डोंबिवलीचं आकाश तारांनी भरून गेलं होतं. कंपनीने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, वाहिन्यांना द्यायचा आणि तो दिवसभर फुकट वाजू द्यायचा. मग ते एक गाणं मिळवायला लोकांनी बाकीच्या न ऐकलेल्या गाण्यांसकट कॅसेट घ्यायची. परदेशात लीड सिंगल विकत. आपल्याकडे तो दाखवत. ‘मेड इन इंडिया’ हा या पद्धतीचा सगळ्यात यशस्वी प्रयोग. बाकीची गाणी कुणी ऐकली का, असं मी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘पुढे असतील ना. आमच्याकडे रिवाइंडच जास्त होतं.’

आणि हे भारतात बनलेलं गाणं बनवलं कुणी? बिड्डू मूळचे कोडगूच्या अप्पय्या कुटुंबातले, बंगलोरला वाढलेले, साठच्या दशकात लंडन गाठलेले. १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’ त्यांनी केलं, तेही गंमतच. ते गाणं तबकडीच्या पाठच्या बाजूसाठी होतं. मुख्य गाण्यावर सगळा वेळ खर्च झाल्यावर उरलेल्या थोड्या मिनिटांत ध्वनिमुद्रण उरकलं. कंपनीच्या माणसाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि तबकडी उलटी केली. ते इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. लीड सिंगल कोणता असावा, हे करणाऱ्याला कळतंच असं नाही, हे बिड्डूंएवढं कुणाला माहीत असणार? पुढे फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी (१९८०) त्यांनी लंडनमध्ये एकच गाणं केलं, सिनेमाचं बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. ते गायला घेतली कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी, नाझिया हसन. त्या एका गाण्यावर तिला फिल्मफेअर मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम.

‘मेड इन इंडिया’ही आधी नाझियासाठीच होतं, अशी हकीकत आहे. तिने नकार दिला. पाकिस्तानी गायिकेने हिंदुस्थानी मन हवंय म्हणून गायलं तर मायदेशी लोकांना काय वाटेल, ही तिची अडचण रास्त होती. मग ते अलिशाकडे आलं. नाझिया, अलिशा आणि मिलिंद सोमण, तिघांचाही जन्म १९६५ चा, आणि सोमणचा तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. म्हणजे भारतात बनलेला म्हणून ज्याला पेटीतून काढलं तो जन्माने फॉरेनचा, चाल लंडनला राहणाऱ्याची, गाणं मुळात कराचीच्या मुलीला धरून बेतलेलं. डोंबिवलीकरांनी याचं वाईट वाटून घ्यावं असं काही नाही. आमच्या शेजारी उल्हासनगर. तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असतं, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे मुलांना बाराखडीबरोबर कळतो. शिक्का कशाला मारलाय आणि माल कुठला, यात अंतर असायचंच, हे गृहीत धरून आम्ही खरेदी केली आहे.

सोमण मात्र आमच्या गिऱ्हाइकांनी ताबडतोब पासपोर्ट न बघता आपला करून घेतला. शिवाजी पार्कला वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर पोहलेला. ज्यांचं माहेर दादरचं त्या बायकांना तर तो शाळेच्या वाटेवर दिसल्याचंच आठवायला लागलं. ‘सोमण म्हणजे आपल्यातलेच हो,’ असं एक बाई मला मान तिरकी करून म्हणाल्या. सगळ्या जगाला नकार देऊन राणीने निवडावा तो कोकणस्थ, यात त्यांना नवल वाटलं नव्हतं, समाधान वाटलं होतं. देशाभिमान कुठे सुरू होतो आणि पोटजातीशी कुठे येऊन थांबतो, हे गल्ल्यावर बसून फार लवकर कळतं.

आता ते वर्ष कसलं होतं ते पाहा. मार्चमध्ये राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार आलं. ऑगस्टमध्ये त्यांनी दाभोळचा एन्रॉनचा वीज प्रकल्प रद्द केला, आणि पुढच्या जानेवारीत नव्या अटींवर तो पुन्हा मंजूरही केला. १९७७ मध्ये गेलेलं कोकाकोला दोन वर्षांपूर्वी परत आलं होतं. स्वदेशीची पत्रकं रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर वाटली जात आणि तिथेच खाली फॉरेनचे परफ्यूम विकणारे बसत. तेव्हा ‘मेड इन इंडिया’ या तीन शब्दांना वजन होतं, ते मी नाकारत नाही. सासरे स्वतः त्या गाण्यावर खूश होते, ते न पाहताच. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ते स्वदेशीचं गाणं आहे. दिवाळीत आमच्याकडे पाहुणे आले असताना टीव्हीवर ते लागलं. पेटी उघडेपर्यंत ते मान डोलावत होते. पेटी उघडली आणि त्यांनी रिमोट मागितला.

याच सोमणवर त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता, हे आज गाण्याच्या आठवणी काढणाऱ्यांना जोडून आठवत नाही. टफ या बुटांची जाहिरात. त्यात सोमण आणि आमच्या नागपूरची मधू सप्रे, दोघांच्या अंगावर बूट आणि एक अजगर यांखेरीज काही नाही. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्तांचं. अश्लीलतेचा खटला तर झालाच, अजगरापायी वन्यजीव कायदाही लागला. चौदा वर्षांनी, २००९ मध्ये, सगळे सुटले. मधू सप्रे १९९२ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, या प्रश्नाला तिने खेळाचं उत्तम मैदान बांधीन असं उत्तर दिलं आणि मुकुट गेला असं लोक म्हणत. मला ते उत्तर फार आवडलं होतं. असो. एकाच वर्षी, त्याच माणसाची उघडी छाती एका चित्रात गुन्हा ठरली आणि दुसऱ्यात देशप्रेम. वर शिक्का असला की चालतं, हे त्यातलं एक कारण. दुसरं असं की गाण्यात बाई पूर्ण कपड्यांत, दागिन्यांनी मढलेली होती. उघडा होता तो पुरुष, आणि उघड्या पुरुषाकडे बायका बघतात हे कबूल करायला कोणताही मोर्चा तयार नव्हता. म्हणून आक्षेपच घेता येईना. आक्षेप घ्यायचा तर आधी बायकांच्या नजरेला नजर म्हणावं लागलं असतं.

आमच्याकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्या डिसेंबरात मुलींनी हा नाच बसवला. माझी नणंद तिथे शिकवायची, म्हणून मला आतल्या गोष्टी कळत. पेटी म्हणून फ्रिजचं खोकं आणलं, त्यावर मुलींनीच अक्षरं रंगवली. पेटीत आठवीतला एक मुलगा. मुख्याध्यापिकाबाईंनी तालीम पाहिली, सांगितलं की मुलाला सँडो गंजी घाला आणि वर जाकीट. नकार द्यायच्या परदेशी उमेदवारांची कामं मुलीच करत होत्या, टोप्या घालून. बाईंनी दुसरी सूचना केली, की राणीने शेवटी उठून त्याच्या पाया पडावं, म्हणजे ते संस्कृतीला धरून होईल. राणी झालेली मुलगी म्हणाली, ‘बाई, गाण्यात तसं नाहीये.’ तिच्यामागे सगळ्या उभ्या राहिल्या. पाया पडणं रद्द झालं, जाकीट राहिलं. कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेतले पालक प्रतिनिधी गाण्याच्या नावाचे तीन शब्द आले की टाळ्या वाजवत होते आणि मागे बायका पेटी कधी येते याची वाट पाहत होत्या. हे मी स्वतः पाहिलं. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आजींनी तर ‘आला, आला’ असं मोठ्याने म्हटलं.

त्या दिवाळीच्या पहाटे गणेश मंदिरापासून फडके रोडवर तरुणाईची जी गर्दी होते, तिच्यातही हे गाणं होतं. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीने ते बसवलं होतं, मधल्या सुरावटी गाळून, नुसतं धृपद. गाण्याची कसोटी बेंजोवर लागते असं माझं जुनं मत आहे. धृपद टिकलं, याचा अर्थ बिड्डूंना ते जमलं होतं. संगीत म्हणून मला विचाराल तर साधं आहे, ठेका यंत्रावरचा, चाल दोनदा ऐकली की पाठ. अलिशाच्या आवाजात जो खरखरीत, अर्धवट झोपेतला लाडिकपणा आहे, त्याने ते तरतं. तिच्याऐवजी कुणी घोटीव गळ्याची गायिका असती तर राणी खरोखरची राणी झाली असती आणि मजा गेली असती.

यानंतर इंडीपॉप जन्माला आलं असं लिहितात. ते मला पटत नाही. सिनेमाबाहेरचं गाणं मराठी माणसाला काय नवं? भावगीत सिनेमाबाहेरचं, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप सिनेमाबाहेरचे, कोळीगीतं सिनेमाबाहेरची. पॉपच म्हणायचं तर गोव्याच्या शिवोलीत रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरातल्या घरात मुद्रित केला, वाद्यं स्वतः वाजवली, कव्हर स्वतः काढलं आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. इथे बनलेलं म्हणायचं तर त्याला म्हणावं. मॅग्नासाउंडनेच सुनीता रावचं परीचं गाणं आधी काढलं होतं, आणि बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ मध्ये. ते व्हॅनिला आइसच्या गाण्यावरून, आणि व्हॅनिला आइसचं क्वीन आणि डेव्हिड बोवीच्या गाण्यावरून. अलिशाच्या गाण्याने केलं ते वेगळं. वितरकाच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं, ‘सिनेमा कुठला?’ असं नाही, तर ‘व्हिडिओ आलाय का?’ त्याच वर्षी दलेर मेहंदी आला, पुढच्या वर्षी कलोनियल कझिन्स आणि लकी अली, मग साठी ओलांडलेल्या आशाताई लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ घेऊन आल्या. आमच्या रॅकवर ‘नॉन-फिल्म हिंदी’ असा कप्पा झाला. सासऱ्यांनी त्यासाठी गझलांचा एक खण रिकामा करून दिला, तो त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठीत ‘गारवा’ आला, मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा. तोही त्याच्या पहिल्या गाण्यावर चालला आणि दर पावसाळ्यात पुन्हा मागणी यायची. पण तोवर वाहिन्यांवर सिनेमावाल्यांनी आपली गाणी ओतायला सुरुवात केली होती. सिनेमाच्या गाण्यात नटनटी होते, परदेशातली लोकेशन होती, व्हिडिओचा खर्च निर्मात्याच्या खात्यावर होता. मॅग्नासाउंडसारखी कंपनी एकेका गाण्यासाठी पदरचे पैसे घालून कुठवर टिकणार? २००१ नंतर खासगी एफएम आलं, एमपी३ ची सीडी फुटपाथवर आली आणि तो कप्पा ओस पडला. आम्ही तिथे मोबाइलची कव्हरं लावली.

बिड्डूंनी २०१० मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘मेड इन इंडिया’. मिलिंद सोमणने २०२० मध्ये लिहिलं, त्याचंही नाव ‘मेड इन इंडिया’. एक चाल करणाऱ्याचं, एक पेटीतून बाहेर आलेल्याचं. दोन्ही मी वाचनालयातून आणली. निवड जिने केली तिची बाजू दोन्हींत जेवढी यायची तेवढीच येते.

तिचा आवाज पुन्हा सगळीकडे ऐकू आला तो २००५ मध्ये, ‘बंटी और बबली’तल्या ‘कजरा रे’मधून. फिल्मफेअरही मिळालं. त्या गाण्यात नाचते ऐश्वर्या राय, जोडीला अमिताभ आणि अभिषेक, शब्द गुलजारांचे, संगीत शंकर-एहसान-लॉयचं. दुकानात तोवर सीडी जास्त आणि कॅसेट थोड्या येत. दहा वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर जिचा चेहरा मांडून ठेवला होता, तिचं नाव या कॅसेटच्या कागदावर मी गिऱ्हाइकाला दाखवायला गेले, तर ते आतल्या घडीत, इतक्या बारीक अक्षरांत होतं, की सासऱ्यांचा चष्मा मागून घ्यावा लागला.